पहिल्या भागातला पत्रोबा

मी सिनेमाच्या पहिल्या भागातला पत्रोबा बोलतोय. दुसऱ्या भागातला तो चकचकीत, उडणारा पत्रोबा वेगळा. त्याला कॉम्प्युटरनं घडवलं. मला रामप्रसादनं गोडेतेलाच्या डब्यांतून घडवलं, मंठ्याजवळच्या एका गावात, अंगणात बसून.

रामप्रसाद जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. त्याची पुतणी आकांक्षा मोबाईलवर सिनेमे काढायची. "काका, परग्रहावरचा राक्षस गावात येतो अन् आपला यंत्रमानव त्याला हाणतो, असा सिनेमा काढून राह्यले मी," ती म्हणाली, आणि सुट्टीच्या दिवशी काका पत्रा कापायला बसला. माझ्यात शिरून मारामारीही त्यानंच केली.

राक्षस मारुतीच्या देवळात शिरतो आणि मी मागोमाग धावतो, असा प्रसंग होता. रामप्रसाद धावला खरा, पण पायाला पायरी लागताच थबकून खाली बसला. त्यानं माझे पत्र्याचे बूट काढून बाजूला ठेवले, हात जोडले आणि मग आत जाऊन राक्षसाला बुकललं. राक्षसही बिचारा तोवर वाट बघत उभा! आकांक्षानं कपाळावर हात मारला. पण तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली, पुन्हा काढता येईना, म्हणून ते तसंच राहिलं. समाजमंदिरात सिनेमा दाखवला, तेव्हा सगळ्यात जास्त शिट्ट्या त्याच प्रसंगाला पडल्या. गाव रामप्रसादला पत्रोबा म्हणू लागलं. त्याची छाती माझ्यात मावेना.

दुसऱ्या भागाच्या वेळी आकांक्षा जालन्याहून नवं काम शिकून आली होती. "काका, या खेपेला यंत्रमानव कॉम्प्युटरवर करते. तुमाला तरास न्हाई."

"बराबर हाय," रामप्रसाद म्हणाला आणि मला गोठ्यात खुंटीला टांगून गेला. त्या दिवसापासून काका-पुतणीचं बोलणं तुटलं. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दुसरा भाग दाखवायच्या दिवशी पोरांनी मला समाजमंदिराच्या दाराशी शोभेला उभं केलं. खरं सांगतो, हाणामारी दुसऱ्यातलीच सरस. नवा पत्रोबा मिलच्या धुराड्यावरून झेपावतो, राक्षसाच्या यानाच्या चिंधड्या करतो. मला खुंटीवरून उतरायलासुद्धा माणूस लागतो. पण तो बुटांसकट देवळात घुसला आणि लोक चुळबुळू लागले.

"आपला पत्रोबा कुठं गेला? ह्यो कोण बाहेरचा?" म्हाताऱ्या गिरिजाबाई मोठ्यानं म्हणाल्या. माणसं उठू लागली. आकांक्षाचा चेहरा एवढासा झाला.

तोच मागून रामप्रसाद ओरडला, "बसा खाली! पोरीनं जीव ओतलाय त्याच्यात. पुरा बघा, मंग बोला."

लोक बसले. शेवटी टाळ्याही पडल्या, पण बेताच्याच.

सगळे पांगल्यावर रामप्रसाद मला न्यायला आला. आकांक्षा तिथंच उभी होती. तिनं माझं डोकं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. तिनं मला कधी घातलंच नव्हतं.

"काका," ती आतून म्हणाली, "यातून तर कायीच दिसत न्हाई! मारामारी कशी केली तुमी?"

"तू डावीकडं म्हणली की डावीकडं हाणायचो," रामप्रसाद म्हणाला. "तुझा आवाज येत व्हता की."

त्यावर ती माझ्या आत रडायला लागली. पत्र्याला आतून ओल लागली की गंज धरतो, हे मला ठाऊक आहे. धरू दे. मायबाप, तिला जरा वेळ माझ्यातच राहू द्या, एवढंच माझं मागणं आहे.