माझ्या व्हॅनचा धूर

धूर तपासायच्या माझ्या दुकानात एक सोय आहे. दारात माझी गॅसवरची व्हॅन उभी असते. एखादी डिझेलची गाडी काळं ओकत आली, की नंबरप्लेटचा फोटो तिचा काढायचा आणि नळी व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये घालायची. यंत्र बिचारं खूश. गाडी पास!

पैशासाठी नाही हो. मला भीड पडते. बेकरीचा टेम्पो चालवणारे मामा हात जोडून म्हणाले, "इंजिन उघडलं तर महिनाभर घरी बसेन रे," आणि मी विरघळलो. चार वर्षं विरघळतोच आहे. शिवाय गावातल्या सगळ्या बस गॅसवर गेल्या होत्या, हवा निवळली होती, माझ्या दमेकरी ताईच्या गॅलरीत वाळणारे अभ्रे पांढरेच्या पांढरे राहत होते. म्हटलं, एका टेम्पोनं काय बिघडतंय?

रविवारी दुपारी ताईकडे गेलो. खिडक्या गच्च बंद. तिच्या हातात श्वासाचा पंप.

"पुन्हा सुरू झालं?"

"महिना झाला. समोर बेकरीनं नवीन दुकान टाकलंय ना, तिचा टेम्पो रोज सकाळी खिडकीखाली तासभर घुरघुरत असतो. परवा खाली जाऊन त्या मामांशी कडाकडा भांडले."

मी बंद काचेतून खाली बघितलं.

"मग?"

"मग काय, त्यांनी धूर तपासल्याचा कागद दाखवला. खाली तुझी सही!" ताई हसली, तशी खोकल्याची उबळ आली. "मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. माझा भाऊ डोळ्यांत तेल घालून तपासतो, आणि मी त्याच गाडीला नावं ठेवतेय! चारचौघांत माफी मागितली मामांची."

गॅलरीत अभ्रे वाळत होते. कडेला काजळी धरली होती. मला माझीच किळस आली. तरी तोंडातून आधी आलं ते, "चहा टाकू का?"

"टाक ना."

उठलो, तसाच परत बसलो.

"ताई, सही माझीच आहे. पण टेम्पो मी तपासलाच नाही. तपासला तो माझ्या व्हॅनचा धूर."

तिनं पंप हलवला, दोनदा ओढला. श्वास लागायचा थांबल्यावर म्हणाली, "उद्या मामांकडे तू जा. भांडायला मला आता दम पुरत नाही."