ढगात ठेवलेला आवाज

माझ्या नवऱ्याला, स्रेतेनला, तिमोक नदीच्या खोऱ्यात चेहऱ्याने फार लोक ओळखत नसत. पण बाजारात त्याने "टोमॅटो कसे दिले?" एवढं विचारलं, की आजूबाजूच्या माना वळायच्या. गावच्या रेडिओवर त्याने उभा जन्म काढला होता. फुटबॉलचे सामने, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या गायी, वारलेल्या माणसांची नावं, सगळं लोकांनी त्याच्याच तोंडून ऐकलेलं. स्रेतेनने नाव वाचल्याशिवाय माणूस खरा मेला असं आमच्याकडे कोणी धरत नसे.

पुढे ते रेडिओ केंद्र विकलं गेलं. गोइको नावाचा नवा साहेब आला आणि त्याने स्रेतेनला घरी बसवलं. "आवाज जुन्या वळणाचा वाटतो तुमचा," म्हणाला. त्या दिवसापासून स्रेतेन रेडिओच्या रस्त्याने गेला नाही. पावसुद्धा लांबच्या बेकरीतून आणायचा.

मग त्याचा घसा बसला तो बसलाच. निश शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

"मग वाचवताय काय?" स्रेतेनने विचारलं.

आमचा मुलगा ओग्न्येन परदेशात, लिंझला असतो. कळल्याबरोबर गाडी काढून आला आणि येताना एक लॅपटॉप घेऊन आला. पातळ, रुपेरी, हातात धरला तर थाळीएवढाही जड नाही.

"बाबा, ऑपरेशनच्या आधी तू याच्यासमोर वाचत बस. हा तुझा आवाज शिकून घेईल. नंतर तू टाइप करायचं आणि हा तुझ्या आवाजात बोलणार."

"आणि आवाज राहणार कुठे?" मी विचारलं. "याच्या पोटात?"

"याच्या पोटात काहीच नाही, आई. म्हणून तर एवढा हलका. सगळं ढगात."

आमच्या भाषेतही त्याला ढगच म्हणतात. मी म्हणाले, "आणि हा ढग कोणाच्या मालकीचा?"

"कंपनीच्या."

"म्हणजे तुझा बाप स्वतःच्या आवाजाला परक्याच्या घरात भाडेकरू ठेवणार."

"अगं, घराला आग लागली, चोर आला, तरी त्याला धक्का नाही. तुझ्या कपाटात काय सुरक्षित राहिलंय, सांग ना."

आमच्या लग्नाचे फोटो तिमोकच्या पुरात गेले होते.

दुसऱ्या दिवशी मिलोये आला. रेडिओवरचा ध्वनिमुद्रक, स्रेतेनचा जुना दोस्त. त्याने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. "स्टुडिओत ये तू. मी नीट रेकॉर्ड करतो, दोन प्रती काढतो. एक तुझ्या घरी, एक माझ्या. या पत्र्यावर भरवसा ठेवू नकोस."

"गोइकोच्या दारात घसा दाखवायला येऊ?"

"गोइकोला घाल चुलीत! आवाज तुझा आहे."

"नको," स्रेतेन म्हणाला. "पोरगं एवढ्या लांबून घेऊन आलंय. त्याच्या वस्तूवर संशय घेतला तर त्याला काय वाटेल?"

मिलोयेने ग्लासातली राकिया संपवली आणि टोपी उचलून निघून गेला.

स्रेतेन खिडकीपाशी बसून वाचू लागला. पडद्यावर येणारी वाक्यं अगदीच बावळट होती. "बस स्थानक उजवीकडे आहे." "मला दोन सफरचंदं हवी आहेत." पण हा पठ्ठ्या ती अशी वाचायचा, की जणू अंतिम सामन्याचा शेवटचं मिनिट चाललंय. घसा दुखला की लिंडनच्या फुलांचा काढा घ्यायचा आणि पुन्हा सुरू. सगळं झाल्यावर त्याने आपल्या मनाने एक वाक्य घातलं, "दोब्रिला, मीठ कमी आहे."

"जाता जाता हेच सुचलं तुला?"

"रोज लागणारं तेच आहे."

ऑपरेशन झालं. गळ्याच्या खाली भोक राहिलं, त्यातूनच श्वास. घरी आल्यावर त्याने सुपाचा एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला, लॅपटॉप ओढला आणि बोटं चालवली. स्वयंपाकघरात त्याचा आवाज आला, मीठ कमी असल्याचा. मी तोंडात ॲप्रनचं टोक कोंबलं आणि मागच्या अंगणात पळाले.

मग आमचं बरं चाललं. तो भांडायचा, टोमणे मारायचा, लिंझच्या नातीला, उनाला, फोनवर गोष्टी सांगायचा. इंटरनेट गेलं की मात्र मुका. अशा वेळी तो लॅपटॉपवर भाकरी ठेवून मला खुणेने दाखवायचा, की निदान ताट म्हणून तरी चालतो.

प्लमची राकिया गाळायच्या दिवसांत तो लॅपटॉप त्याच्या हातून आंबवणाच्या पिंपात पडला. स्रेतेन कोपरापर्यंत हात घालून शोधत होता. तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नाही. ते तोंड मी विसरणार नाही. पण ओग्न्येनने दुसरा पाठवला, नाव आणि खुणेचा शब्द घातला, आणि आवाज जसाच्या तसा परत! एक अक्षर हरवलेलं नाही. मी त्या रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली ती ढगासाठी. खोटं कशाला सांगू.

डिसेंबरात आमच्या घराच्या संताचा दिवस असतो, संत निकोलाचा. घरधन्याने उभं राहून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा असतो. स्रेतेन उभा राहिला, एका हातात वाइन, दुसरा हात लॅपटॉपवर. "ज्यांनी आज या घराचा उंबरा ओलांडला, त्यांचं भलं होवो." बायकांनी डोळे पुसले. मिलोये माझ्याजवळ आला. "मी हरलो, दोब्रिला. लाव माझ्या कानाखाली."

जानेवारीत एका सकाळी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर लाल चौकट. मी ओग्न्येनला फोन लावून ती वाचून दाखवली. खात्यात वापरला जाणारा आवाज दुसऱ्या व्यक्तीचा असल्याचं आढळलं आहे. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल नियमांत बसत नाही. खातं बंद करण्यात आलं आहे.

त्यानेच कारण शोधून काढलं. रेडिओने आपल्या वर्धापनदिनासाठी स्रेतेनचे जुने सामने इंटरनेटवर टाकले होते, त्याला न विचारता. कंपनीच्या यंत्राला तोच आवाज रेडिओच्या नावावर सापडला.

"म्हणजे स्रेतेनने स्रेतेनचा आवाज चोरला?"

"यंत्राला तसं वाटलंय, आई. एकदा माणसाशी बोलणं झालं की सुटेल."

माणूस मिळालाच नाही. पत्र पाठवलं की तत्काळ उत्तर यायचं, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, आणि खाली नाव नाही. निदान त्याने वाचलेली वाक्यं तरी परत द्या, असं मिलोयेने लिहून पाहिलं. तीही बंद खात्यातच होती.

शेवटी कंपनीने आवाज स्रेतेनचाच असल्याचा रेडिओचा दाखला मागितला. स्रेतेनने कोट चढवला, गळ्याला रुमाल बांधला आणि माझ्यासोबत त्या दारातून आत गेला. गोइकोने खुर्ची दिली, कॉफी मागवली, शिक्का मारून सही केली. "तुमच्यासारखा आवाज पुन्हा होणे नाही," असंही म्हणाला. स्रेतेनने कॉफीला हात लावला नाही. मला त्या माणसाची शिवी चालली असती, पण ती गोड बोली नको होती.

दाखल्यावर उत्तर आलं. आता एकच पायरी बाकी. खातेदाराने कॅमेऱ्यासमोर बसून पडद्यावरचं वाक्य स्वतःच्या आवाजात वाचावं.

मी ओग्न्येनला म्हटलं, "हे चेष्टा करतायत का?"

"मी त्यांना लिहिलंय, आई. तेच उत्तर येतंय."

स्रेतेनने दाढी केली, टाय बांधला आणि बसला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. पडद्यावर वाक्य आलं, "आजचा दिवस स्वच्छ आणि उबदार आहे." त्याने ते वाचलं. ओठ अगदी बरोबर हलले, एकेका शब्दाला जागा देत. गळ्याच्या भोकातून नुसती हवा शीळ घालत गेली.

आवाज ऐकू आला नाही, यंत्र म्हणालं. माइकच्या जवळ येऊन पुन्हा बोला.

तो जवळ गेला. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच उत्तर. मग त्याने रुमाल सोडला आणि लॅपटॉप उचलून गळ्याच्या भोकाला टेकवला.

मला राहवलं नाही. "अरे मेल्यांनो, त्याला बोलता येत नाही! म्हणूनच तर तुमच्याकडे ठेवायला दिला होता!"

यंत्र म्हणालं, हा आवाज खातेदाराच्या आवाजाशी जुळत नाही.

खातं कायमचं बंद झालं, आत होतं ते पुसलं गेलं. ओग्न्येनने जुन्या सामन्यांतून दुसऱ्या एका कंपनीकडे नवा आवाज बनवून घेतला. मैदानाच्या गोंगाटातून काढलेला. साधं "पाणी दे" लिहिलं तरी तो गोल झाल्यासारखा ओरडायचा. स्रेतेनने दोनदा ऐकला आणि झाकण लावलं.

"असं होईल असं कोणाला वाटलं असतं, आई?" ओग्न्येन फोनवर म्हणाला.

"मिलोयेला वाटलं होतं."

त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. स्रेतेनने पाटीवर लिहिलं, पोराला बोलू नकोस, त्याने प्रेमानेच दिलं होतं. मी ते पुसून टाकलं. प्रेमानेच दिलं होतं, हे मला ठाऊक नाही का?

आता त्याच्याकडे निशच्या दवाखान्यातून आणलेलं एक यंत्र आहे. गळ्याला लावून बोललं की माशी घोंघावल्यासारखे एकसुरी शब्द निघतात. लोक समजून घेतात. त्याला मात्र ते लाजिरवाणं वाटतं, म्हणून बाजारात मीच जाते.

ईस्टरला उनाचा फोन आला, मी तो स्पीकर लावून टेबलावर ठेवला. स्रेतेनने यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाला, "उना, सोन्या, अंडी रंगवलीस का?"

पोरगी घाबरली. "हे कोण आहे? आजोबाला बोलव ना."

त्याने यंत्र खाली ठेवलं, फोन माझ्याकडे सरकवला आणि फावडं घेऊन बागेत गेला.

"आजी, आजोबा कुठंय?"

"कामात आहे," मी म्हणाले.