वरमायचा मेकअप

टिळ्याच्या दिवशी झुंबरबाई एकच वाक्य बोलल्या आणि आमच्या मोठ्याईनं ठरवून टाकलं, की मल्हारीदादाच्या लग्नात मांडवात पाऊल टाकायचं नाही.

मोठ्याई म्हणजे माझी थोरली चुलती, आसराबाई. मल्हारीदादा तिचा एकुलता एक. झुंबरबाई ही त्याची होणारी सासू, राजूरची. लग्न जमवायला आमच्याकडून नुसते पुरुष गेले होते, त्यामुळं दोघी विहिणींनी एकमेकींना पाहिलंच नव्हतं. टिळ्याला राजूरची मंडळी वाटूरला आमच्या घरी आली. मोठ्याई नवं लुगडं नेसून चहाचा ट्रे घेऊन हौसेनं पुढं झाली. झुंबरबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या नवरदेवाच्या आजी का? मंग वरमाय कुठंय?"

बाया फसकन हसल्या. झुंबरबाई चुकून बोलल्या की टोमणा मारला, यावर आमच्या घरात अजून दोन पार्ट्या आहेत. मोठेबाबाही, म्हणजे खुद्द तिचा नवराच, हसले. ते त्यांनी करायला नको होतं. मोठ्याईनं ट्रे ठेवला, पदर नाकापर्यंत ओढला आणि आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

मोठ्याई काही म्हातारी नाही हो! पंचेचाळिशीची असेल. पण अर्धं आयुष्य मेंढरांमागं आणि उरलेलं कपाशीत गेलेलं. दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग, डोळ्यांच्या कोपऱ्यात उन्हाकडं बघून बघून पडलेल्या बारीक घड्या. आरशाशी तिचा संबंध कुंकवापुरता.

"वरमाय म्हणून तूच उभी राह्य," ती माझ्या आईला म्हणाली. "मी सैपाकाकडं बघन. माही शोभा झाली तेवढी बस झाली."

"वयनी, आई जित्ती असताना मी कशी उभी राहू?" आई म्हणाली.

"राजूरवाल्यांच्या लेखी आजी हाय ना मी? आजीला कुठं पाय धुऊन घ्यायचे असतेत?"

मल्हारीदादा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि चपला घालून शेताकडं निघून गेला. मला त्याचा चेहरा बघवेना. मी सरळ घराच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "मी करते मोठ्याईचा मेकअप!"

आता हे मी म्हणाले, यावर आमच्या वर्गातल्या कुणाचा विश्वास बसला नसता. नववीपर्यंत मी शेवटच्या बाकावर बसून, बाईंनी नाव घेतलं की खाली पेन शोधणारी मुलगी. पण सुट्टीत मी जुन्या जालन्यात मामाकडं राहून उषामॅडमच्या पार्लरमध्ये ब्युटीचा कोर्स केला होता. तिथं एका नवरीच्या भुवया मी एकटीनं कोरल्या आणि ती रडलीसुद्धा नाही! तेव्हापासून मला वाटायला लागलं, की जगात आपल्याला जमणार नाही असं फार थोडं आहे.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी मोठ्याईला ओसरीवर बसवलं. फाउंडेशन थापलं. डाग दिसत होते, म्हणून आणखी थापलं. वर पावडर. डोळ्यांना वरून-खालून काजळ. मरून लिपस्टिक. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके मध्येच लुडबुड करत होते, त्यांनाही गाडून टाकलं. सावलीत बरं दिसलं.

"चल, उजेडात बघू," मी ऐटीत म्हणाले.

मोठ्याई अंगणात उतरली आणि आमचा खंड्या तिच्यावर भुंकायला लागला. खंड्या! तिच्या हातची भाकर खाऊन मोठा झालेला कुत्रा! ती "हाड! आरं मी हाय!" म्हणून हसली, आणि हसल्याबरोबर डोळ्यांभोवती, ओठांभोवती पावडर अशी फाटली, की मे महिन्यातलं काळं रान. रंग तर राखेचा. तेवढ्यात मोठेबाबा शेतातून आले. उन्हातून आल्यामुळं डोळे बारीक करून म्हणाले, "राम राम. कुठून आल्या पाहुण्या?"

मोठ्याईनं कपड्याच्या साबणानं तोंड धुतलं. मी कोपऱ्यात तोंड पाडून बसले, तर उलट तीच माझ्याजवळ आली. "पोरी, तुह्या हातात कला हाय. पण माह्या तोंडात न्हाई. जाऊ दे."

हे 'जाऊ दे' मला फार लागलं. मी तडक फाट्यावरच्या एस.टी.डी.वर गेले आणि उषामॅडमना फोन लावला.

"मॅडम, वयानं मोठ्या बाईचा मेकअप कसा करायचा? तुम्ही तर शिकवलाच नाही!"

"काय काय लावलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पलीकडं त्या बराच वेळ हसत होत्या आणि इकडं मीटर पळत होतं.

"अगं, तू भिंत रंगवली. जितके जास्त थर, तितकं वय जास्त दिसतं, बराबर ध्यानात ठेव. आधी कातडीला ओलावा दे. लावायचं ते चिमूटभर, आणि घासायचं नाही, बोटानं थोपटायचं. घडीत पावडर बिलकुल जाऊ द्यायची नाही. डोळ्याखाली काजळ नको, ते उतरतं."

"आणि वांगाचे डाग?"

"त्यांच्यावर पांढरं टाकलं की राखाडी दिसणारच. त्यांना पिवळट-तांबडा रंग लागतो, तो आधी द्यायचा. पण तसला डबा आपल्या इकडं मिळत नाही गं. मुंबईहून—"

फोन कटला. मीटर माझ्याजवळच्या सुट्ट्या पैशांपर्यंत पोचलं, तसा बूथवाल्यानंच तोडला होता.

मी घरी येऊन रोज मोठ्याईच्या तोंडाला साय लावायला लागले. तिला वाटलं, पोरीला तेवढंच बरं वाटतंय, लावू दे. मांडवात येणार का विचारलं, की एकच उत्तर: "दुरून अक्षदा टाकीन."

हळदीच्या दिवशी तर सगळंच हातातून गेलं. दादाला हळद लावता लावता बायांनी मोठ्याईलाही धरली आणि कानापासून हनुवटीपर्यंत पिवळीधम्मक करून टाकली. मी ओरडत होते, "अगं, उद्या मला तोंड पाहिजे तिचं!" कोण ऐकतंय! डाळीच्या पिठानं किती घासलं, पण पिवळी झाक काही गेली नाही.

सकाळी वऱ्हाडाचा टेम्पो राजूरला पोचला. जानवसा शाळेत दिला होता. बाया पटापट साड्या बदलून मांडवाकडं पळाल्या. मोठ्याई मात्र एका वर्गात, पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. मी पेटी उघडून तिच्यासमोर उभी.

लाऊडस्पीकरवर आवाज आला, "वरमायबाईंनी मांडवात यावं. पायघड्या टाकल्यात."

"तुह्या आईला जा म्हन," मोठ्याई म्हणाली.

"आई येणार नाही म्हणते. तू जरा खिडकीकडं तोंड कर."

"कामून?"

"कर की!"

ती वळली. खिडकीतून स्वच्छ उजेड तिच्या गालावर पडला आणि मी बघतच राहिले. जिथं हळदीची झाक राहिली होती, तिथला वांगाचा डाग निम्मा झाला होता! उजव्या गालावर मी जास्त घासलं होतं, तिथला मात्र जसाच्या तसा काळा. पिवळट-तांबडा, मॅडम म्हणाल्या होत्या. पिवळा तर हा समोर होता. आणि तांबडा? खिडकीत राजूरवाल्यांनी आमच्या बायांसाठी हळदी-कुंकवाचं ताट ठेवलं होतं. मुंबईचा डबा इथं ताटात पडला होता आणि मी सुट्टे पैसे संपले म्हणून रडत होते!

मी तळहातावर कोल्ड क्रीम घेतलं. त्यात चिमूटभर हळद, नखाच्या टोकावर येईल एवढं कुंकू. बोटानं कालवलं तर पिकल्या पपईसारखा रंग आला.

"काय कालवून राह्यली गं? माही व्हटी भरती का काय?"

"गप बस. हसू नको. नाही, हस! हसून दाखव."

आधी तोंडाला ओला फडका ठेवला. मग साधं क्रीम. मग फक्त डागांवर ते पपईचं क्रीम, थोपटून थोपटून. त्याच्यावर फाउंडेशन, पण ह्या वेळी त्यातही हळद कालवून, आणि इतकं थोडं, की मलाच भीती वाटत होती. पावडर फक्त नाकावर आणि कपाळावर. डोळ्यांभोवती बोट नेलंच नाही. काजळ वरच्या पापणीला एक रेघ. भुवया जिथं विरळ, तिथं काजळाचेच दोन-तीन केस. लिपस्टिक आधी माझ्या बोटाला, मग बोटानं तिच्या ओठाला, आणि उरलेली गालावर.

"गोंदण ठेव बरं का," ती डोळे मिटूनच म्हणाली. "माह्या मायनं जत्रेत नेऊन गोंदून आणलं व्हतं. मी लई रडल्ते."

"हातसुद्धा लावला नाही."

वर्गात आरसा नव्हता. माझ्या पावडरच्या डबीत होता तो रुपयाच्या दीडपट. मोठ्याईनं त्यात स्वतःला तुकड्या-तुकड्यानं पाहिलं.

"डोळा बरा हाय. गाल कुठंय? हां. आगं, वांग कुठं गेलं?"

"आहे तिथंच आहे. आता ओरडत नाही, एवढंच."

"नाक माहंच हाय का हे?"

पुन्हा लाऊडस्पीकर. मोठ्याईनं डबी मिटली, पण उठली नाही. आरशातला एक-एक तुकडा पसंत पडला होता, अख्खी बाई घेऊन लोकांत जायची हिंमत होत नव्हती. मला दिसत होतं ते. आणि इथं माझ्या पेटीत लावायला काही नव्हतं.

तेवढ्यात दारात मल्हारीदादा आला. डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, मागं मित्र. "आये, चल की. तुह्याशिवाय मी पाटावर न्हाई उभा राहणार, सांगून ठेवतो," असं काहीतरी तो घोकून आला असावा, कारण सुरुवात तशीच केली. पण मध्येच थांबला. तिच्याकडं नीट बघितलं.

"आये," तो म्हणाला, "लई दिवसांनी झोपल्यासारखी दिसून राह्यलीस."

मोठ्याई हसली. अगदी दात दिसेपर्यंत. मी जवळ जाऊन बघितलं, एक घडी फाटली नाही! घड्या होत्या, पण त्या हसण्याच्या होत्या, पावडरच्या नव्हत्या.

"चल जल्दी," ती बाकावरून उठत म्हणाली. "मुहूर्त का माह्यासाठी थांबणार हाय?"

मांडवाच्या तोंडाशी पायघड्या, शूटिंगवाल्याचा डोळे दिपवणारा लाईट आणि त्या लाईटात ताट-तांब्या घेऊन उभ्या झुंबरबाई. मोठ्याईचा हात माझ्या हातात होता. झुंबरबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मागच्या बाया पुढं वाकल्या. आणि झुंबरबाई म्हणाल्या, "आगं बाई! आता ह्या कोण?"

मी मनात म्हणाले, संपलं. आता पदर खाली येणार.

पदर काही खाली आला नाही. मोठ्याईनं तो उलट मागं सारला आणि लाईटात तोंड करून म्हणाली, "मी तीच आजी की! तुमच्या लेकीनं मनावर घेतलं तर वर्सभरात होईनच. पर तवर वरमाय हाय. धुवा पाय!"

असा हशा पिकला म्हणता, वाजंत्रीवालाही वाजवायचं विसरला. झुंबरबाई तर हसता हसता खालीच बसल्या, आणि बसल्याच आहेत तर पाय धुवायला लागल्या. धुता धुता वर बघत, विहिणीला हळूच म्हणाल्या, "येनबाई, त्या दिवशी माह्या तोंडातून गेलं खरं. पर तोंडाला लावलंय काय एवढं?"

"तुमच्याच ताटातलं हाय," मोठ्याई म्हणाली.

जेवणाच्या पंगती उठल्यावर मी वर्गात पेटी आवरत होते. दार लोटून झुंबरबाई आत आल्या. मागोमाग त्यांच्या दोन जावा, आणि सगळ्यांच्या पुढं, वाट दाखवत, आमची मोठ्याई. पोरीच्या पाठवणीचं शूटिंग व्हायचं होतं आणि रडून रडून झुंबरबाईंचं तोंड सुजलं होतं. त्या बुटक्या बाकावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर मागं सारून, डोळे मिटून म्हणाल्या, "लाव पोरी. चांगलं जाडजूड लाव, खर्च्याची फिकीर करू नको."

"जाडजूड लावायचं नसतं," मी म्हणाले. मोठ्या बायांना असं तोंडावर सांगताना पूर्वी माझी बोबडी वळायची.

"पोरीचं ऐका, येनबाई," मोठ्याई बाजूच्या बाकावर ऐसपैस बसत म्हणाली. "वळख पटंल एवढंच लावून घ्यावं. न्हाईतर कुत्रं भुंकतं."

झुंबरबाईंनी मिटलेला एक डोळा उघडला.

"कोणतं कुत्रं?"