अकरावं मिनिट

जादूगारांच्या मंडळात सगळे तिला मावशी म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. पस्तीस वर्षं ती पक्ष्यांचे खेळ करत होती आणि एवढ्या वर्षांत तिचा एकही पक्षी रंगमंचावर दगावला नव्हता. ती हे स्वतः कधी बोलून दाखवत नसे. पण दुसरं कुणी बोललं, की खाली मान घालून ऐकायला तिला आवडायचं.

पक्षी म्हणजे पांढरे होले. लोक त्यांना कबुतरं म्हणतात आणि लोकांसमोर तीही कबुतरंच म्हणायची. पण होला कबुतरापेक्षा लहान आणि मवाळ. कोटाच्या आतल्या खिशात मावतो, अंधारात शांत बसतो. घरी असे सहा होते. त्यांचं दाणापाणी ताई बघायची. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करून निवृत्त झालेली. कोटाचे खिसेही तीच शिवायची. आतून धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल, वाऱ्यासाठी बाजूला जाळीचा तुकडा, आणि टाके बाहेरच्या अंगाला, म्हणजे नख अडकायला नको. सहांपैकी पाच जण खिशात जरा उकडलं की पाय झाडायचे. सहावी मात्र हूं की चूं करायची नाही. तिचं नावच शहाणी पडलं होतं.

त्या वर्षी मंडळाच्या मेळाव्यात मावशीचं भाषण ठेवलं होतं. पक्ष्यांना त्रास न होऊ देता खेळ कसा करावा, यावर. आधी तीन पक्ष्यांचा छोटासा खेळ, मग भाषण. सकाळी अकराची वेळ होती. अकराला पाच कमी असताना तिनं पडद्यामागे तिन्ही पक्षी खिशांत ठेवले. दोन उजवीकडे, शहाणी डावीकडे. कोट चढवला आणि ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली.

तेवढ्यात सचिव माइककडे गेले. गृहस्थ मनाचे चांगले, पण माइक हातात आला की त्यांना आवरणं देवाच्याही हातात नव्हतं. मावशींनी पहिला खेळ कधी केला, त्यांच्यामुळे किती जणांनी पक्ष्यांना दोऱ्यानं बांधायचं सोडलं, त्यांच्या हाताला कशी माया आहे... समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून सात मिनिटं झालेली तिनं पाहिली. तिचा स्वतःचा नियम दहा मिनिटांचा होता. उठून पडद्यामागे जावं, पक्षी पिंजऱ्यात ठेवावेत आणि सचिवांचं बोलणं संपल्यावर परत घ्यावेत, एवढंच करायचं होतं. कुणी काही म्हटलं नसतं. पण सचिव तेव्हा नेमके म्हणत होते, "अशी व्यक्ती आपल्या मंडळात आहे हे आपलं भाग्य." अशा वेळी उठायचं कसं? होईल आता, असं म्हणत ती बसून राहिली. सव्वाअकरा झाले, तरीही ती मनाशी तेच म्हणत होती.

अकरा वीसला तिची पाळी आली. पहिला पक्षी रुमालातून निघाला, दुसरा हातमोज्यातून. दोघांच्याही चोची किंचित उघड्या होत्या. ते तिच्या लक्षात आलं, म्हणून त्यांना जरा पाठमोरं धरून तिनं पिंजऱ्यात सोडलं. टाळ्या जोरात झाल्या. तिसरा पक्षी रिकाम्या चौकटीतून निघायचा होता, पण सचिव लगबगीनं आले आणि कानाशी कुजबुजले, "मावशी, उशीर झालाय, आता सरळ बोलायलाच लागा." आणि माइक त्यांनी तिच्या हातातच दिला.

ती बोलायला लागली आणि रंगत गेली. पक्षी अंगानं धरावा, पंखानं कधीच नाही. एकच पक्षी दिवसातून दोनदा घेऊ नये. दिव्यांच्या झोतात कोट तापतो, म्हणून आधी स्वतः कोट घालून दिव्याखाली उभं राहून बघावं. मागच्या रांगेतले लोकही वह्या काढून लिहून घेत होते. पहिल्या रांगेत पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मंडळानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "खिशात जास्तीत जास्त किती वेळ?"

"दहा मिनिटं," मावशी म्हणाली. मग तिला आणखी एक वाक्य सुचलं आणि ते तिला फार आवडलं. "अकरावं मिनिट पक्ष्याचं नसतं, आपल्या हौसेचं असतं."

सभागृहात वाहवा झाली. बोलता बोलता ती छातीकडे हात नेऊन म्हणणार होती, की पक्षी इथं असतो, आपल्या काळजाशेजारी. हात डाव्या बाजूला टेकला आणि तिथं काहीतरी उबदार, ओलसर लागलं.

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

विचार करायला वेळच नव्हता. तिनं कोटात हात घातला आणि शहाणीला बाहेर काढलं. मान कलंडलेली, चोच पूर्ण उघडी, छाती भराभर वरखाली होत होती. दुसऱ्याच क्षणी अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. सचिव माइकशिवायच ओरडले, "बघा! संपूर्ण भाषणभर पक्षी खिशात, आणि आपल्याला पत्ता नाही! याला म्हणतात साधना!"

मावशीनं दोन्ही हातांची ओंजळ केली. चोच दिसू नये अशी. आणि ती वाकली. अगदी थोडी, पण वाकली. तिच्या तोंडून "धन्यवाद" असंही गेलं. पुढं कितीतरी दिवस त्या वाकण्याची आठवण आली की ती हातातलं काम टाकून नुसती उभी राहायची.

पडद्यामागे डॉक्टरीणबाई तिच्या पाठोपाठच आल्या. त्यांनी पक्षी हातात घेतला, पंखा लावायला सांगितला, ओल्या बोळ्यानं पाय पुसायला सुरुवात केली.

"किती वेळ होती आत?"

"वीसेक मिनिटं असेल."

बाईंनी मान वर केली. "तुमचं भाषणच चाळीस मिनिटांचं झालं. मला उपचार करायचाय, मावशी. तुमचा मान राखायला मी आत आलेली नाही."

मावशीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "सत्तर," ती म्हणाली. "सत्तर मिनिटं."

बाई चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी लावत राहिल्या. अर्ध्या तासानं शहाणीनं मान सरळ धरली. "वाचेल," त्या म्हणाल्या आणि हात पुसून निघून गेल्या. जाताना रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं.

घरी ताईनं पिंजरा हातात घेतला आणि फडकं दूर करताच तिला कळलं.

"हिचा पंख का लोंबतोय?"

"जरा दमलीय."

"धाकटे, मी तुला लहानपणापासून ओळखते. नीट सांग."

मावशीनं सांगितलं. टाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं, वाकल्याचं मात्र गाळलं. ताई ऐकत राहिली. मग तिनं कोट उचलला, डावा खिसा उलटा केला, आत चिकटलेलं पांढरं पीस काढलं आणि खिसा धुवायला कोट मोरीत नेला.

मामला एवढ्यावरच मिटला असता. शहाणी दाणे टिपायला लागली होती. पण चार दिवसांनी दुपारी टोपीवाल्याचा फोन आला. टोपीवाला म्हणजे बँकेतला एक कारकून, दोन मुलींचा बाप, सुट्टीच्या दिवशी शाळांमधून हौसेनं जादू करणारा. डोक्यावर सदा टोपी, म्हणून टोपीवाला. मावशीचं भाषण त्यानं पहिल्या अक्षरापासून लिहून घेतलं होतं.

"मावशी, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार ना."

"दहा मिनिटांचा नियम आमच्यासारख्या नवशिक्यांसाठी, हे कळलं मला. पण तुम्ही एवढा वेळ ठेवलात ते जमवायचं कसं? मी दोन दिवस करून बघतोय. काल पक्ष्याला पस्तीस मिनिटं खिशात ठेवलं. तर तो नुसता तडफडतो हो. शेपटीची पिसं मोडून घेतली त्यानं. मुली रडायला लागल्या. माझंच काहीतरी चुकतंय. आधी सवय करावी लागते का?"

मावशी भिंतीला टेकली.

"मावशी? ऐकताय ना?"

"पक्षी कुठंय?"

"पिंजऱ्यात आहे."

"त्याला पाणी दे. महिनाभर खिशात घालू नकोस. आणि ऐक, माझ्याकडे कसलीही युक्ती नाही. मी तिला विसरले होते."

पलीकडे तो हसला. "काहीतरीच काय, मावशी!"

"मी विसरले होते. ती मरायला टेकली होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी त्या घेतल्या."

तो हळू आवाजात म्हणाला, "मी मुलींना सांगितलं होतं, की मावशींना जमतं म्हणजे दुखत नसणार." आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं ताईला हाक मारली. या वेळी मात्र वाकल्याचंही सांगितलं. ताई म्हणाली, "वह्या घेऊन बसले होते ना सगळे? मग त्या सगळ्यांना सांग. एकट्याला सांगून काय होणार?"

महिन्याच्या बैठकीला ती गेली. कोट न घालता, साध्या कपड्यांत. तीस-पस्तीस जण होते, टोपीवाला शेवटच्या खुर्चीवर. सचिवांनी लगेच पुढं बोलावलं. बोलायला लागल्यावर तिला कळलं, की घरून ठरवून आणलेली वाक्यं फार देखणी आहेत, म्हणून तिनं ती सोडून दिली. पक्षी किती वाजता ठेवला, घड्याळ कधी पाहिलं, उठले का नाही, डॉक्टरीणबाईंशी खोटं काय बोलले, सगळं अडखळत सांगितलं. "स्तुती चालू होती, म्हणून उठले नाही," हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नजर कुठं ठेवावी कळेना.

सचिवांचा चेहरा उतरला होता. मेळाव्याच्या अहवालात ते साधनेबद्दल पानभर लिहून बसले होते. मग एक जुने जादूगार मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो मावशी, एवढं काय मनाला लावून घेता! माझ्या हातून तर चार-पाच गेलेत. चालायचंच!" दोघं-तिघं हसले. ते हसू पसरत गेलं आणि सगळ्यांचे खांदे सैल झाले. मावशीच्याही ओठांच्या कडा हलल्या. आता हसलं की सुटलो, एवढं ते सोपं होतं.

"हसू नका," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की पुढच्या दोन रांगांनाच तो ऐकू गेला असेल. टोपीवाला हसत नव्हता. तो तिच्याकडे पाहतही नव्हता, हातातली टोपी नुसती फिरवत बसला होता. बैठक संपल्यावर तिला वाटलं, तो येऊन काहीतरी बोलेल. पण तो जिना उतरून निघून गेला.

ती घरी आली तेव्हा ताई खिडकीशी उन्हात बसून दाणे निवडत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"काही जण हसले. टोपीवाला बोलला नाही."

"का बोलेल?" ताई म्हणाली. "त्याच्या मुली अजून विचारत असतील त्याला."

मावशी पिंजऱ्याशी जाऊन बसली. शहाणी दांडीवर होती, पंख अजून जरा खाली. तिला दुखत होतं की नव्हतं, ते मावशीला कळेना, कारण ती पहिल्यापासूनच गप्प होती. मावशीनं हात आत घातला नाही. ताईनं दाण्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं, आणि ती खाली मान घालून खडे वेचायला लागली.