मखमलीवरचे घड्याळ

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट आहे, मित्रांनो. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. मी एक जुनी हातमोज्यांची जोडी आहे. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता सायीच्या रंगावर गेले आहे. डाव्या अंगठ्याला रफू आहे, पण तो नीट निरखल्याशिवाय दिसत नाही.

मला एका शिंपीणबाईंनी शिवले, तेही धुऊन धुऊन मऊ पडलेल्या एका जुन्या चादरीतून. त्यांची सून हसून म्हणाली, "एवढ्या भारी दुकानात चादरीचे मोजे?"

"हातात चढल्यावर चादर कोण विचारतंय?" असे म्हणून शिंपीणबाईंनी दाताने दोरा तोडला.

ते भारी दुकान घड्याळांचे होते. त्याचे काचेचे जड दार हळूहळू मिटे, आणि मिटले की रस्त्याचा सारा गलका बाहेर राही. आत दिवे मंद असत. उजेडाचा एकच गोल काउंटरवरच्या निळ्या मखमलीवर पडे. कुठल्याच घड्याळावर किमतीची चिठ्ठी नसे, आणि मालकांना त्याचा मोठा अभिमान होता. काउंटरवर नव्याने लागलेल्या ताईला ते शिकवत, "एका वेळी एकच काढ. दोन्ही हातांनी धर, मखमलीवर ठेव आणि गप्प राहा. तू घाई केलीस की घड्याळ स्वस्त झालं, समज."

ते दिवस आठवले की पाण्याखालून पाहिल्यासारखे वाटते. मी घड्याळ उचलून उजेडात नेई. समोरचे माणूस बोलता बोलता थांबे आणि त्याचा श्वास संथ होई. सगळे माझे कौतुक करत. "काय सुरेख मोजे आहेत!" म्हणत. मी चादरीची आहे हे मीही विसरून गेले होते.

ताईला लागून तीन आठवडे झाले होते. मालकांनी तिला महिनाभर पारखायचे ठरवले होते. ही नोकरी टिकावी म्हणून ती घरीसुद्धा घड्याळांची वर्णने पाठ करी. पण घड्याळे दीडशेच्या वर, आणि चिठ्ठी एकावरही नाही.

दुकानात झाडलोट करायला एक मावशी येत. त्यांचे घड्याळ बंद पडले होते. त्यांच्या आईने त्यांना लग्नात दिलेले, स्टीलचे, साधे. तबकडीवरचे नावही पुसून गेलेले. आतल्या खोलीत दुरुस्ती करणाऱ्या कारागीर काकांनी ते जेवणाच्या सुट्टीत उघडले, तेलपाणी केले, काच घासून लखलखीत केली आणि नवा काळा पट्टा चढवला. मग सवयीने तयार मालाच्या ताटात ठेवून दिले.

त्या दुपारी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या निवृत्त होणार होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी महागाचे घ्यायचे त्यांनी ठरवले होते. ताईने दोन घड्याळे दाखवली, ती त्यांना आवडली नाहीत. तिसऱ्या खेपेला ताईने ताटातून मावशींचे घड्याळ उचलले.

मी ते उजेडात नेले. खरे सांगते, मलाही कळले नाही. तबकडी पहाटेच्या आभाळासारखी दिसत होती. सेकंदाचा काटा तिच्यावरून तरंगत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी ते कानाशी धरले आणि डोळे मिटले.

"हेच," त्या म्हणाल्या. "किती जपून चालतंय. किंमत काय याची?"

ताई अडखळली. मालक पुढे आले. घड्याळ आपल्या दुकानातले नाही, हे त्यांनी एका नजरेत ओळखले. पण ते हसले आणि म्हणाले, "जुना नग आहे, बाईसाहेब. असा दुसरा मिळायचा नाही."

यात तसे खोटे काहीच नव्हते!

आरशापाशी फडके घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांचे तोंड उघडेच राहिले होते. मालक त्यांच्याकडे सरकून हळूच पुटपुटले, "गप्प राहा. तुला नवं घेऊन देतो." मावशींनी मान खाली घातली. ताईने ते ऐकले, आणि मला तिच्या बोटांचा घाम जाणवला. आणखी आठवडाभर गप्प राहिली असती, तर नोकरी पक्की होती.

"हे विकायचं नाहीये," ताई म्हणाली. "चूक माझी झाली. हे आमच्या मावशींचं आहे."

दुकानातली सगळी घड्याळे एकदम ऐकू येऊ लागली.

"म्हणजे मला वेड्यात काढत होता होय?" डॉक्टरीणबाईंनी मालकांना विचारले. मालक पट्ट्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. मग बाई मावशींकडे वळल्या. "पण मला ते खरंच आवडलंय हो. तुम्ही द्याल का?"

मावशी जवळ आल्या. माझ्या तळव्यावरचे घड्याळ अनोळखी माणसाकडे पाहावे तसे त्यांनी पाहिले. "सकाळी मागितलं असतंत तर तसंच देऊन टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "आता नाही जमायचं, बाई. आता मी पाहिलंय ना त्याला."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटले. त्यांनी मनगटावरचे चरे पडलेले घड्याळ काढले आणि ताईपुढे ठेवले. "माझंही एकदा तसंच धरून दाखव गं." ताईने ते उचलून उजेडात धरले. हजारो रोग्यांच्या नाड्या त्याने मोजल्या असतील. बाई कितीतरी वेळ बघत बसल्या आणि काहीच न घेता गेल्या.

दार मिटताच मालक ताईला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. आणि हे मोजेही घेऊन जा. कशालाही भारी दाखवायचं यांचं गुपित फुटलं."

डॉक्टरीणबाईंनी नवे घड्याळ घेतलेच नाही. कारागीर काका मुलीच्या गावी गेले आणि हात थरथरू लागेपर्यंत दुरुस्त्या करत राहिले. मावशी आता नाहीत. त्यांचे घड्याळ नातीच्या मनगटावर आहे, आणि ती रोज सकाळी त्याला न चुकता चावी देते. ताईला चार महिने घरी बसावे लागले. मग ती एका चष्म्यांच्या दुकानात लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. मी तिच्या खणात असते.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. सुंदर दुकानांत जा, तिथल्या उजेडात हरखून जा. पण घरी असलेल्या एखाद्या वस्तूलाही कधीतरी पुसून, दोन्ही हातांनी उचलून उजेडाशी न्या. आणि मोजे गार पाण्यात धुवा, पिळू नका.

मालकांचे सांगायचे राहिलेच. त्यांचे दुकान मोडले. पुढे कितीतरी वर्षांनी ते काठी टेकत चष्म्यांच्या दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. त्यांनी ताईला ओळखले नाही. ताईने स्क्रू आवळला, काचा स्वच्छ पुसल्या, मला हातांत चढवले आणि चष्मा त्यांच्यासमोर धरला.

ते डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, हा माझा नव्हे," ते म्हणाले. "माझा अगदी साधा होता."

"तुमचाच आहे," ताई म्हणाली. "घालून तर बघा."