बारा वाजताची कॉम्प्युटरबाधा

अमरावतीतल्या आमच्या संत्रा बागायतदार संघाच्या कार्यालयात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. संत्र्याची कलमं न्यायला आलेले शेतकरी, शेजारचे दुकानदार, झाडून सगळे कर्मचारी, आणि मधोमध अकोल्याहून खास बोलावलेले जानराव महाराज! आठही कॉम्प्युटरांना हार घातले होते. मी इथला कारकून. असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण हार मीच आणले होते. शेवटी नोकरी आहे.

बाधा तशी जबरच. जूनपासून दर महिन्यात एका गुरुवारी, बाराच्या ठोक्याला, आठही कॉम्प्युटर एकदम बंद पडत आणि आपोआप चालू होत. टाइप केलेलं सगळं गायब! महाराज प्रत्येक पडद्यापुढे डोळे बारीक करून थांबले, कुंकवाच्या बोटाने माऊस दाबला आणि गरजले, "आज बाराले हे तडफडतीन! जूनमंदी या घरात कोनाचा पाय पडला?"

जूनमध्ये शकुन कामाला लागली होती. नवऱ्यामागे दोन लेकरं तिच्याच पगारावर. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. व्यवस्थापक नत्थुजी साहेबांनी तिला कामावरून काढायचं पत्र खिशातून बाहेर काढलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि माझा त्याहून जास्त, कारण ते पत्र मीच टाइप केलं होतं.

"थांबा न सायेब!" गर्दीतून आवाज आला. भातकुलीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माधवी मॅडम वडिलांसाठी कलमं न्यायला आल्या होत्या. त्यांनी शकुनच्या कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. तो बंद पडला आणि पाच मिनिटांनी चालू झाला.

बारा वाजले. सात कॉम्प्युटर झपकन काळे. शकुनचा मात्र ढिम्म चालू!

"पाहा! माह्या हुंकारानं बाधा पळाली," महाराज सावरले.

"हुंकार एकाच टेबलापावतर पोचला काय, महाराज?" मॅडम म्हणाल्या. "प्रोग्रामच्या दुरुस्त्या दर महिन्यात आपोआप येतात. त्या चढवाले बुधवारी रात्री नऊची वेळ लावून हाय. तवा जमलं नाई, तं दुसऱ्या दिवशी बाराले मशीन सोताच बंद होऊन चालू होते. सकाळपासून पडद्यावर तशी इंग्रजी सूचना येते. महाराजानं ते वाचली अन् 'नंतर' दाबून मिटवली. मी शकुनच्या मशीनवर ते परत उघडून 'आत्ता' दाबलं. बस!"

"पन रात्री काहून जमत नाई?" साहेबांनी विचारलं.

शिपाई भगवंत चाचरला. "सायेब, तुमचाच हुकूम हाय न. वीज वाचवाले जूनपासून सहा वाजताच मेन स्विच बंद."

अख्खी खोली हसली. महाराज चपला शोधू लागले. मला फारसं हसू आलं नाही. ती सूचना दर महिन्याला मलाही दिसायची, आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा म्हणून मी ती मिटवून टाकायचो. मी म्हणे विवेकी!

शकुन उभी राहिली.

"सायेब, मशीन बंद पडली तं मेकॅनिक बोलवाचा. तुमी माहं नाव काहून घेतलं?"

साहेबांनी पत्र फाडलं. "चुकलो बाई," एवढंच म्हणाले.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर आधी समोर लिहिलेलं वाचा. कळलं नाही तर जाणकाराला विचारा, आणि कारण सापडेपर्यंत सरळ "माहीत नाही" म्हणा. त्यात कसलीही लाज नाही. तेवढ्या वेळात निदान एखाद्या बाईच्या लेकरांच्या तोंडचा घास तरी शाबूत राहील.