दोन टोपल्या संत्र्यांचा चाकू

मी एक जुना चाकू आहे. भाजी चिरायचा नव्हे, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. मला कुणी कांद्याला लावलं की अजूनही माझं डोकं फिरतं. मी डोळे भरायचा चाकू आहे. झाडाच्या काडीवर, पानाच्या देठापाशी, एक बारीकसा कोंब असतो. त्याला माळी लोक डोळा म्हणतात. गोड संत्र्याच्या झाडाचा असा डोळा सालीसकट सोलून घ्यायचा, जंबेरीच्या, म्हणजे काटक रानलिंबाच्या, रोपाची साल चिरून तिच्यात अलगद बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधायचा. खाली मूळ जंबेरीचं राहतं, वर झाड संत्र्याचं वाढतं. हे सगळं माझ्या टोकावर चालतं. काप जरा जरी दातेरी गेला तरी डोळा मरतो.

माझा जन्म विलायतेतल्या शेफील्ड शहरातला. तिथं माझ्यासारखे हजारो रोज बनत. ज्या माणसानं मला सहाणेवर धरलं, त्याच्या अंगठ्याला घट्टे होते आणि तो सारखा खोकत असे, एवढंच मला आठवतं. त्याच्या आसपास संत्र्याचं एकही झाड नव्हतं. तिकडच्या थंडीत ते येतच नाही. पण पोलादाला पाणी कसं द्यावं हे त्याला ठाऊक होतं आणि बापजाद्यांपासून ठाऊक होतं.

जहाजानं मी मुंबईला आलो, तिथून अकोल्याच्या एका दुकानात. तिथं मला भाऊसिंगानं पाहिलं. भाऊसिंग हा जऊळक्याजवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर कोकणातलं मीठ वऱ्हाडात आणलं होतं. आता आगगाडी आली, तसा भाऊसिंग बैलांची बंडी हाकू लागला. माळ्यांची संत्री तो जऊळका स्टेशनावर पोचवी आणि कधी गाडीबरोबर अकोल्यालाही जाई. त्या खेपेला नानाजी माळ्यानं त्याला दोन टोपल्या जास्तीच्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, की यांचं जे येईल त्यात मले एक चांगला चाकू आण.

भाऊसिंगानं मला नानाजीपुढे जमिनीवर ठेवलं. हातातून हातात चाकू दिला तर भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. तो म्हणाला, "जहाजानं आला, रेल्वेनं आला, आन् शेवटी माह्या बंडीनं आला. आता तुमी त्याले कामाले लावा."

मी पुष्कळदा विचार करतो, मला घडवलं कुणी? शेफील्डच्या त्या खोकणाऱ्या माणसानं, हे तर खरंच. पण नानाजीनं दोन टोपल्या संत्री पिकवली नसती तर मी इथं आलो असतो का? म्हणजे त्यानं भट्टी पेटवली नाही, ऐरण पाहिली नाही, आणि तरीही आपल्या वाफ्यात, आपल्या विहिरीच्या पाण्यावर त्यानं एक पोलादी चाकू पिकवला. तिकडच्या माणसानं तसाच पोलादातून संत्रा काढला म्हणायचा. ज्याला जे साधतं ते त्यानं करावं आणि उरलेलं दुसऱ्याकडून घ्यावं, यात मला तरी लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

नानाजीच्या बागेत विहिरीच्या काठाला एक झाड होतं. त्याला सगळे मायझाड म्हणत. नानाजीच्या वडिलांनी ते नागपूरकडून पाण्यात भिजवलेल्या पोत्यात गुंडाळून आणलेलं. त्याची साल पातळ, फोडी भरलेल्या, आणि गोडी अशी की जऊळक्याचे लोक भाव न करता घेऊन जात. बागेतलं प्रत्येक झाड या मायझाडाच्या डोळ्यातून झालेलं, आणि मी आल्यापासून तो प्रत्येक डोळा मीच काढलेला. शंभरातले नव्वद लागायचे. रिसोडपासून माळी आमची कलमं न्यायला येत. दसऱ्याला कुदळ, विळा आणि मोटेच्या दोराबरोबर नानाजी मलाही पाटावर ठेवी, हळद-कुंकू लावी, आपट्याचं पान वाही. अठरा दसरे मी त्या पाटावर बसलो.

एका माणसाला मात्र माझं येणं सलत असे, आणि त्याचं नाव मी आदरानं घेतो. तो गावचा लोहार जानराव. मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यानं माझ्या धारेवरून नख फिरवलं. मग नानाजीला म्हणाला, "असं पातं मले जमत नाई असं नाई. असं पोलाद मले भेटत नाई." त्याचं दुःख खरं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं की मला अपराधी वाटायचं.

पुढे नानाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी त्यानं मला खाली ठेवलं आणि मुलाला, बापूरावाला म्हणाला, "माह्या डोयाले आता डोया दिसत नाई. तूच भर." बापूरावाचा हात बापासारखाच हलका. पाच हिवाळे त्यानं माझ्याबरोबर काम केलं आणि मला तो आवडू लागला.

मग ते स्वदेशीचं वर्ष आलं. बापूरावानं मारुतीच्या पारासमोर आपला विलायती कोट होळीत टाकला, अंगावर खादी चढवली आणि साऱ्या गावासमक्ष शपथ घेतली, की परदेशी वस्तूला हात लावणार नाही. आपल्या जानरावासारख्याच्या पोटावर पाय येतो, हे तो तळमळीनं बोलला. पारावर बसलेल्या जानरावानं मान खाली घातली. दसऱ्याच्या दिवशी हौसाबाईनं, म्हणजे बापूरावाच्या आईनं, पाट मांडला. बापूरावानं मला उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि घासलेटच्या रिकाम्या डब्यात टाकलं. तो डबाही समुद्रापलीकडूनच आला होता, पण त्याला कुणी काही म्हटलं नाही. नानाजीला मला वाचवता आलं नाही, कारण पारावर शपथेला हात त्यानंही वर केला होता.

मित्रांनो, बापूराव वाईट होता असं समजू नका. परक्याचं राज्य नको, हे त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मी विलायतेचा असूनही सांगतो, ते राज्य माझंही नव्हतं. माझा जन्मदाता तर खोकून खोकून मेला असेल. त्याला कुठलं आलंय राज्य? बापूरावाची चूक एवढीच, की राज्य आणि बाजार यांची त्यानं एकच मोळी बांधली.

त्याच हिवाळ्यात मायझाडाला डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक वाहू लागला, साल तडकली, एकेक फांदी वाळत गेली. झाड वाचणार नाही हे नानाजीनं नुसतं हात फिरवून ओळखलं. आता एकच मार्ग होता. झाड मरण्यापूर्वी त्याचे डोळे नव्या रोपांत भरून घ्यायचे. ते लागले नाहीत तर ती गोडी गेलीच, कारण बागेतल्या बाकीच्या झाडांत आणि बाहेरगावी गेलेल्या कलमांतही डिंक्या शिरला होता.

जानरावानं बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून एक चाकू बनवला. तीन दिवस तो त्याच्यावर झटला, आणि पैसे घेतले नाहीत. त्या चाकूनं बापूरावानं पौष महिन्यात चाळीस डोळे भरले. मी डब्यात पडून ऐकत होतो. साल चिरताना करकर आवाज येत होता. मला कळलं, काय होणार ते. पण चाकूला बोलता येत नाही.

डोळा लागला की नाही हे पाहायची माळ्यांची एक रीत आहे. डोळ्याशी पानाचा देठ ठेवलेला असतो. तीन आठवड्यांनी त्याला बोट लावायचं. देठ लगेच गळून पडला तर डोळा जिवंत. देठ वाळून चिकटून बसला तर डोळा मेला. नानाजी काठी टेकत वाफ्यात गेला आणि एकेका रोपाला बोट लावत चालला. चाळीसच्या चाळीस देठ चिकटलेले होते. शेवटच्या रोपापाशी तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मायझाडाची एक फांदी तेवढी हिरवी होती. तिच्यावर भरण्याजोगे सात डोळे होते. हौसाबाईनं डबा उघडला, मला बाहेर काढलं आणि बापूरावापुढे ओट्यावर ठेवलं.

"मी शपथ घेतली, माय. गावासमोर," बापूराव म्हणाला.

हौसाबाईनं त्याला आधी कापसाचं विचारलं. आपला कापूस कारंज्याच्या जिनात सरकी काढून जहाजावर जातो. तिथल्या माणसाला तो परदेशीच ना? त्यानं घेतला की आपल्या घरी दिवाळी, आणि आपण त्याचं घेतलं की पाप, हा कुठला न्याय? आपला संत्रा कलकत्त्याला जातो. कलकत्त्यावाल्यांनी उद्या म्हटलं, आम्ही आमच्याच मातीतलं खाऊ, तर ही बाग कुणासाठी लावायची? कलकत्ता आपल्याच देशातला आहे, असं बापूराव म्हणाला. हौसाबाईनं मला त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "राज्य परकं नको, हे बराबर हाये, बापू. पन मानसाच्या हातचं काम परकं कायले मानाचं?"

बापूरावानं मला हात लावला नाही. त्याला हे पटत नव्हतं असं नाही. पण शब्द दिलेला माणूस तो; आणि तो शब्द जानरावासाठी होता.

तेवढ्यात जानरावच आला. चाळीस डोळे मेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याच्या हातात बाभळीचा एक तासलेला तुकडा होता. त्यानं मला उचललं. डब्यातल्या ओलीनं माझी मूठ फुटली होती आणि पात्यावर गंज धरला होता.

"माह्यासाठी शपथ घेतली ना तुमी?" तो म्हणाला. "मंग मीच सांगून राह्यलो, काढा हा चाकू. बाग जगली त कुदयी लागतीन, मोटेले कड्या लागतीन, फावडे लागतीन. ते सारं माह्याच भट्टीतून जाईन. बाग मेली, त माह्या भात्याले तरी काय काम?"

त्यानं तिथंच बसून माझा गंज काढला, पाणी टाकून दगडावर धार दिली आणि मला बाभळीची नवी मूठ बसवली. ज्याचं मी नुकसान केलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं, त्याच्याच हातानं मला दुसरा जन्म मिळाला. मग त्यानं मला बापूरावापुढे जमिनीवर ठेवलं. बापूरावानं मला उचललं.

सातही डोळे त्यानं त्याच दिवशी भरले. आणि दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन, कुणी विचारण्याआधी, आपण शपथ मोडली आणि का मोडली हे सगळं सांगितलं. काही लोक उठून गेले. एकानं त्याला गद्दार म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. अंगावरची खादी मात्र त्यानं आजही सोडलेली नाही.

तीन आठवड्यांत मायझाड पूर्ण वाळलं. नानाजी पुन्हा काठी टेकत वाफ्यात आला. हौसाबाई, बापूराव, जानराव मागे उभे होते. भाऊसिंगही बंडी सोडून आला होता. मी बापूरावाच्या कमरेला होतो. नानाजीनं पहिल्या देठाला बोट लावलं. देठ चिकटून होता. त्यानं दुसऱ्याला बोट लावलं आणि तो टपकन गळून त्याच्या तळहातावर पडला. आंधळ्या म्हाताऱ्यानं तो वाळका देठ ओठांना लावला. सातांपैकी पाच लागले होते.

आज जी बाग तुम्ही पाहता, ती त्या पाचांची. तिच्यातल्या झाडांची आळी खणणारी कुदळ अन् कुदळ जानरावाच्या आणि आता त्याच्या मुलाच्या भट्टीतली. मधे मोठी लढाई झाली, जहाजं थांबली, आगगाडीचे डबे मिळेनात. तेव्हा इथं संत्री झाडाखाली सडली आणि नवा चाकू कुणालाच मिळेना. कामरगावचे माळी मला मागून न्यायचे. देणंघेणं बंद झालं की दोन्ही काठांवरची माणसं गरीब होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

आता देशात आपलं राज्य आलं आहे, आणि इथं पोलादही भरपूर होऊ लागलं आहे असं ऐकतो. चांगलं झालं. जानराव असता तर त्याला लागेल तसं पोलाद मिळालं असतं. मी झिजून करंगळीएवढा उरलो आहे. बापूराव दसऱ्याला मला पाटावर ठेवतो, जानरावाच्या कुदळीला लागून.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की मला कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा, आणि कांद्याला लावू नका. वस्तू कुठून आली म्हणून तिला डब्यात टाकू नका. तिच्यामागे कुणाचे तरी घट्टे पडलेले हात असतात. आणि कुणी विचारलंच, हा चाकू कुठला, तर सांगा, पातं शेफील्डचं, मूठ जानरावाची, आणि घेतला नानाजीच्या दोन टोपल्या संत्र्यांवर.